देवाच्या कृपेत बळ आणि सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा उपासना संपून लोक पांगल्यावर, हळू आवाजात विचारले जातात. कधी आजाऱ्याच्या खाटेशेजारी, कधी मध्यरात्री आलेल्या निरोपातून. विचारणारे बहुधा विश्वासणारेच असतात. वर्षानुवर्षे मंडळीत येणारे, गीते तोंडपाठ असणारे. तरी आत कुठेतरी धाकधूक असते की देवापुढे आपले काही खरे नाही. त्यांच्यासाठी ही उत्तरे. जिथे वचनाचा संदर्भ दिला आहे तिथे पवित्र शास्त्र उघडून स्वतः वाचा. आमच्या शब्दांपेक्षा त्या वचनांनीच अधिक धीर मिळेल.

कृपा म्हणजे नेमके काय?

देव आपल्याशी ज्या चांगुलपणाने वागतो, आणि जो आपल्या लायकीवरून ठरत नाही, ती कृपा. इफिस २:८-९ मध्ये पौल सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले. ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नाही, म्हणून कोणाला फुशारकी मारायला जागाच नाही. रोम ५:८ मध्ये तर क्रमच सांगितला आहे: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. आपण सुधारलो, मग देवाचे मन वळले, असे घडलेले नाही.

इथपर्यंत बहुतेकांना मान्य असते. अडचण पुढे येते. कृपा म्हणजे फक्त जुन्या पापांची माफी, असे पुष्कळांनी धरलेले असते. आत यायला कृपा, आत आल्यावर मात्र ज्याने त्याने आपल्या हिमतीवर टिकायचे! गलतीकरांची नेमकी हीच गफलत झाली होती, आणि पौलाने त्यांना चांगलेच खडसावले (गलती ३:३). कृपा क्षमा करते, तशीच ती शिकवते (तीत २:११-१२), आणि कामाला बळही देते. १ करिंथ १५:१० मध्ये पौल म्हणतो की आपण इतर सर्वांपेक्षा जास्त श्रम केले, आणि त्याच दमात सांगतो की ते श्रम आपण नाही, आपल्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले.

जुन्या करारातला देव कडक आणि नव्या करारातला कृपाळू, असे आहे का?

नाही. निर्गम ३४:६ वाचा. परमेश्वर स्वतःची ओळख दयाळू, कृपाळू, मंदक्रोध अशी करून देतो. ही ओळख तो केव्हा देतो ते पाहा: लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याला दंडवत घातल्यानंतर, आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्यावर, मोशे दुसऱ्या पाट्या घेऊन डोंगरावर चढला तेव्हा.

मी विश्वास ठेवला आहे, तरी सुरक्षित का वाटत नाही?

बहुतेक वेळा आपली नजर ख्रिस्तावरून घसरून स्वतःच्या विश्वासावर येते, म्हणून. माझा विश्वास पुरेसा आहे का? खरा आहे का? त्या दिवशी प्रार्थना केली ती मनापासून होती का? असे चाचपत राहिले की कोणाचाच विश्वास पुरा पडत नाही.

मार्क ९ मधला बाप आठवा. मुलाला लहानपणापासून झटके येतात, शिष्यांनी हात टेकलेत, आणि तो येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. पुढे तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात विश्वासही आहे आणि अविश्वासही. येशूने आधी विश्वास वाढवून आण असे म्हटले नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला. विश्वास किती, यापेक्षा तो कोणावर आहे याला महत्त्व आहे. योहान १०:२८-२९ मध्ये येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि पित्याच्या हातातूनही कोणाला ती हिसकावता येणार नाहीत. पकड त्यांची आहे.

भावनांचे म्हणाल तर त्या झोपेवर, आजारपणावर, घरातल्या ताणावर खालीवर होतात. रोम ५:१ मधली शांती ही देवाशी झालेली शांती आहे. युद्ध थांबवणारा तह झाल्यावरही सैनिकाचे हात काही काळ थरथरत राहतात, पण तेवढ्याने तह मोडत नाही.

माझा जन्मच ख्रिस्ती घरात झाला. बाप्तिस्मा झाला, सगळे विधी झाले. मग हे सगळे परके का वाटते?

असे वाटणारे तुम्ही पहिले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या शास्त्रपारंगत विदुषी होत्या, बुद्धीला पटल्याशिवाय पाऊल न उचलणाऱ्या. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. ते कळायला आणखी काही वर्षे गेली. मेथडिस्ट मंडळ्यांचे आद्य प्रवर्तक जॉन वेस्ली तर दीक्षा घेतलेले पाळक होते, धर्मप्रसारासाठी समुद्रापार जाऊन आलेले. तरी आपली पापे, आपली स्वतःची, ख्रिस्ताने दूर केली ही खातरी त्यांना २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत, रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना झाली.

या साक्षी सांगण्यामागे हेतू एवढाच की उशीर झाला म्हणून घाबरू नका. सगळ्यांना तारीख सांगता येईल असा अनुभव येतोच असेही नाही. काहींच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे हळूहळू मुरत जातो, आणि तोही तितकाच खरा असतो. आज तुम्ही ख्रिस्तावर भिस्त ठेवून आहात का, हा प्रश्न पुरेसा आहे.

मी तेच तेच पाप पुन्हा करतो. देव कंटाळत नाही का?

हा प्रश्न विचारताना माणसे खाली बघतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पेत्राला सांगतो की सैतानाने तुम्हांला चाळण्यासाठी मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे (लूक २२:३१-३२). पेत्राने अजून येशूला नाकारलेले नाही. तो उलट छाती ठोकून सांगतो आहे की मी तुरुंगातही येईन, मरायलाही तयार आहे. त्याच्या पतनाच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झालेली आहे, आणि त्याच वाक्यात पुढे सांगितले आहे की तू वळल्यावर आपल्या भावांना स्थिर कर. पडणेही माहीत होते, परतणेही माहीत होते, परतल्यावरचे कामही ठरलेले होते.

मग ती रात्र. थंडी होती, म्हणून महायाजकाच्या वाड्यातल्या चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता (योहान १८:१८). दारावरची एक दासी विचारते, तूही येशूचा शिष्य आहेस ना, आणि तो म्हणतो, मी नव्हे. असे तीनदा. पुढे योहान २१ मध्ये सरोवराच्या किनाऱ्यावर उठलेला प्रभू शिष्यांची वाट पाहतो आहे, आणि तिथेही कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. आधी तो त्यांना जेवू घालतो. जेवण झाल्यावर पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? पुन्हा असे करशील का, असे तो विचारत नाही. शपथ घालत नाही. तिन्ही वेळा उत्तर ऐकून घेतो आणि मेंढरे त्याच्या हवाली करतो.

तिसऱ्यांदा विचारले तेव्हा पेत्राला वाईट वाटले, असे योहानाने लिहून ठेवले आहे. कृपा जखमेला हात लावत नाही असे नाही. लावते, दुखतेही. पण पेत्र त्या किनाऱ्यावरून हाकलला गेला नाही.

आता तुमच्याविषयी. १ योहान १:९ म्हणते की आपण पापे पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे म्हणून क्षमा करील. त्या वचनाला किती वेळा याची मर्यादा घातलेली नाही. मात्र पदरी घेणे म्हणजे पाप उजेडात आणणे. एकट्याने, गुपचूप, फक्त रात्री रडून वर्षानुवर्षे चाललेली लढाई बहुधा हरली जाते. व्यसन असेल तर उपचार घ्या, फोनमुळे होत असेल तर तो फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि एका विश्वासू माणसाला खरे सांगा. असे उपाय कृपेच्या विरोधात जात नाहीत; नाही म्हणायला कृपाच शिकवत असते.

मग कृपा आहे म्हणून पाप केले तर चालते का?

मुळीच नाही. रोम ६:१-२ मध्ये पौलाने हा प्रश्न स्वतःच काढून झटकून टाकला आहे. ज्याला क्षमेचा विचार करून पापाची मुभा मिळाल्यासारखे वाटते त्याने थांबून विचार करावा, कारण त्या क्षमेसाठी वधस्तंभावर काय झाले ते अजून त्याच्या नजरेस पडलेले नाही. आमचा अनुभव मात्र असा की हळव्या विवेकाची माणसे हा प्रश्न घाबरून विचारतात, आणि ज्यांनी विचारायला हवा ते विचारत नाहीत.

“माझी कृपा तुला पुरे आहे” हे वचन लोक सांगतात, पण माझे दुखणे तसेच आहे. याचा अर्थ काय?

हे वचन फार सहज कोणाच्याही तोंडावर फेकले जाते. ते कोणाला, कधी मिळाले हे पाहिल्याशिवाय वापरू नये.

करिंथ इथे काही जण पौलाला कमी लेखत होते. त्याचे भाषण प्रभावी नाही, त्याची छाप पडत नाही, खऱ्या प्रेषिताचा दिमाख त्याच्यात नाही, असे त्यांचे म्हणणे. २ करिंथ हे पत्र साधारण इ.स. ५५-५६ च्या सुमाराचे. त्यात अकराव्या अध्यायात पौल नाइलाजाने स्वतःची प्रौढी सांगायला बसतो, आणि यादी करतो ती कसली? पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटले, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात. यादीच्या शेवटी तो दिमिष्कातली गोष्ट सांगतो: शहरावर पहारा होता, आणि त्याला पाटीत बसवून गावकुसाच्या खिडकीतून खाली सोडण्यात आले. ज्या शहराकडे तो ख्रिस्ती लोकांना बांधून आणायला ताठ मानेने निघाला होता, त्याच शहरातून तो पाटीत बसून पळाला. प्रौढी म्हणून त्याने हे निवडले.

मग बारावा अध्याय. चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेले गेल्याचे तो मोठ्या संकोचाने, दुसऱ्याच माणसाविषयी बोलावे तसे सांगतो, आणि लगेच शरीरातल्या काट्याकडे येतो. तो काटा म्हणजे काय होते? डोळ्यांचे दुखणे, तापाचा आजार, विरोधकांचा छळ, असे अनेक तर्क झाले आहेत. पौलाने सांगितलेले नाही, आणि ते बरेच झाले. त्याने आजाराचे नाव घेतले असते तर तो आजार नसलेल्याला वाटले असते की हे वचन आपल्यासाठी नाही.

त्याने तीनदा विनंती केली. मागणे चूक नव्हते, विश्वास कमी नव्हता. गेथशेमाने बागेत येशूनेही तोच प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली होती (मत्तय २६:४४). दोघांनाही मागितले ते मिळाले नाही, आणि दोघांनाही पित्याने टाकले म्हणून ते मिळाले नाही असे नव्हते. पौलाला उत्तर आले की कृपा पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते.

पुरे म्हणजे भरपूर उरेल इतकी, असे तिथे म्हटलेले नाही. आजच्याला पुरेल. अशक्तपणा निघून गेला की शक्ती येईल, असेही नाही. ती त्या अशक्तपणातच येऊन राहते. म्हणून दुखणे तसेच असताना तुम्ही आज उठलात, औषधाची गोळी घेतली, शेजारच्या रुग्णाची विचारपूस केली, एक स्तोत्र वाचले, तर त्याला कमी समजू नका. पौल ज्या सामर्थ्याविषयी बोलतो ते बहुतेक वेळा असेच दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात चमत्कार दिसणार नाही.

आणि हो, काटा चांगला आहे असे पौल म्हणत नाही. त्याला तो सैतानाचा दूत म्हणतो. दुखण्याला दुखणेच म्हणा, बरे होण्यासाठी प्रार्थना करत राहा, तीनदाच का, हव्या तितक्या वेळा.

पण काही जण म्हणतात, विश्वास कमी म्हणून आजार जात नाही. खरे आहे का?

पौलाचे सोबतीच पाहा. एपफ्रदीत मरणाला टेकला होता (फिलिप्पै २:२७). त्रफीमाला पौलाने मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याचे पोट वरचेवर बिघडत असे, आणि पौलाने त्याला साधा घरगुती उपाय सांगितला (१ तीमथ्य ५:२३). यांच्यापैकी कोणालाही त्याने तुझा विश्वास तोकडा आहे असे म्हटलेले नाही. आजाऱ्याला त्याच्या आजाराचा दोष लावणे क्रूरपणाचे आहे. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले आणि देवाचा राग ओढवून घेतला (ईयोब ४२:७).

मी ख्रिस्ती असून मला नैराश्य येते. औषधे घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे का?

नाही. १ राजे १९ मध्ये एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच हा माणूस. देवाने त्याला उपदेश केला नाही, रागावलाही नाही. तो झोपला. देवदूताने स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. खाऊन तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खायला दिले, कारण पुढचा पल्ला मोठा होता. बोलणे नंतर, होरेबावर पोहोचल्यावर. तिथेही आधी त्याचे ऐकून घेतले.

शरीराची काळजी देवाला हलकी वाटत नाही. डॉक्टर, औषध, समुपदेशन ही साधने त्याच्याच सृष्टीतली आहेत. चालू औषध कोणाच्या सांगण्यावरून, अगदी पाळकांच्याही, एकदम बंद करू नका. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

घरात मारहाण होते. कृपेने सहन करत राहा, क्षमा कर, असे मला सांगितले जाते. देवाला हेच हवे आहे का?

नाही. राजा शौल भाला फेकत होता तेव्हा दावीद पळाला. नासरेथकर कड्यावरून ढकलू पाहत होते तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०). पौलाला फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. सुरक्षित जागी जाणे, तक्रार करणे, कायद्याचे संरक्षण घेणे यात विश्वासाला काही बाध येत नाही.

क्षमा म्हणजे सूड सोडून देणे. ती कधी ना कधी होईल, देवाच्या मदतीने होईल. पण क्षमा केली म्हणून मारणाऱ्याच्या हाती पुन्हा स्वतःला किंवा मुलांना द्यावे, असे शास्त्रात कुठेही नाही. पश्चात्ताप खरा असेल तर तो आपल्या कृत्याचे परिणाम भोगायला तयार असतो. तुम्हाला परत जा म्हणून दाबणारा कोणीही असो, त्याच्या तोंडी कृपेचे नाव शोभत नाही.

तारण गमावता येते का?

या प्रश्नावर मंडळ्यांचे एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सुधारित, म्हणजे कॅल्विनच्या वाटेने जाणाऱ्या, परंपरेने नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेत (१६१८-१९) असे मांडले की देव ज्यांना निवडतो त्यांना शेवटपर्यंत राखतोही. ते पडतील, पण कायमचे नाही. याआधी १६१० मध्ये डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी हा मुद्दा उघडा ठेवला होता, आणि वेस्लीच्या वाटेने जाणाऱ्या मंडळ्या मानतात की माणूस जाणूनबुजून विश्वास सोडून देऊ शकतो. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापाने माणूस कृपेच्या अवस्थेतून बाहेर पडतो आणि प्रायश्चित्त संस्काराने परत येतो.

मतभेद खरे आहेत, पण पाया समान आहे. पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या शिक्षकाने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो असे शिकवले, तेव्हा बिशप ऑगस्टीनने विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेज इथल्या सभेने ती शिकवण नाकारली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. मेथडिस्टांनी २००६ मध्ये तिला संमती दिली.

आमचे मत विचाराल तर रोम ८:३८-३९ च्या यादीत काही सुटलेले दिसत नाही. मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, उंची, खोली, आणि कोणतीही सृष्ट वस्तू. तुम्ही स्वतःही सृष्ट आहात. शास्त्रातले इशारे मात्र खरे माना. ते परतण्यासाठी दिलेले आहेत, आणि परतलेल्याला घाबरवायला ते वापरू नयेत.

माझ्याकडून अक्षम्य पाप झाले आहे असे वाटते.

मार्क ३:२२-३० नीट वाचा. येशू दुष्ट आत्मे काढताना दिसत असूनही शास्त्री म्हणत होते की हे बालजबूलचे काम आहे. देवाचे काम डोळ्यांसमोर असताना त्याला सैतानाचे ठरवणारी, वळायला तयार नसलेली ती वृत्ती होती. अशी माणसे क्षमेसाठी झुरत नाहीत. तुम्ही झुरता आहात, म्हणजे तुमचे तसे नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. देवाविषयी घाणेरडे, निंदेचे विचार नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसत असतील, आणि त्यासाठी तुम्ही दिवसातून असंख्य वेळा क्षमा मागत असाल, तर तो एक ओळखीचा, उपचार होणारा मनोविकार असू शकतो. पुष्कळ भाविक माणसे यात अडकतात. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. हे विचार तुमची निवड नाहीत, आणि देवाला ते कळते.

आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिला आता प्रभूची प्रार्थनाही आठवत नाही. तिचे तारण?

तिला आठवत नाही. तिला ओळखणाऱ्याला आठवते. आपले कोण आहेत हे प्रभू जाणतो, असे २ तीमथ्य २:१९ मध्ये म्हटले आहे. यशया ४९:१५-१६ मध्ये देव म्हणतो की आई एक वेळ आपल्या बाळाला विसरेल, मी तुला विसरणार नाही. मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. यशया ४६:४ मध्ये तो केस पिकेपर्यंत वागवण्याचे, वाहून नेण्याचे वचन देतो. तारण आईच्या स्मरणशक्तीवर टांगलेले असते तर आपल्यापैकी कोणाच्याच झोपेची खातरी नसती.

तिच्याजवळ बसून जुनी गीते म्हणा, तिच्या तरुणपणातली, ज्या चालीत तिने म्हटली त्याच चालीत. स्वतःच्या मुलांची नावे विसरलेल्या माणसालाही गीताची पुढची ओळ येते, असे पुष्कळदा दिसते. ओठ हलले नाहीत तरी म्हणा. तिच्या वतीने प्रभूची प्रार्थना तुम्ही करा. तिने तुमच्या वतीने ती केली होती, तुम्हाला बोलता येत नव्हते तेव्हा.

प्रार्थनाच होत नाही. शब्द येत नाहीत.

स्तोत्र ८८ म्हणा. शेवटपर्यंत अंधारच आहे त्यात, आणि तरी ते देवाच्या वचनात आहे. रोम ८:२६ प्रमाणे आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, आणि ८:३४ प्रमाणे ख्रिस्तही करतो. तुम्ही गप्प असलात तरी तुमच्यासाठी प्रार्थना थांबलेली नसते.

रोजच्या जगण्यात हे बळ मिळते कसे?

ठरलेल्या, साध्या मार्गांनी. वचन, प्रार्थना, प्रभुभोजन, भावाबहिणींची संगत. नवे काही शोधण्याची गरज नाही. वचन थोडे वाचा पण मोठ्याने वाचा. थकलेल्या मनाला डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर पोहोचते. प्रभुभोजनाला लायक वाटत नाही म्हणून दूर राहू नका. १ करिंथ ११ मधला इशारा मेजावर गरिबांना उपाशी ठेवून स्वतः आधी खाणाऱ्यांना होता. पश्चात्ताप करून येणाऱ्याला तो अडवत नाही. इब्री ४:१६ म्हणते की ऐन वेळी साहाय्य मिळावे म्हणून कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जावे. गरज असताना जायचे आहे, गरज संपल्यावर नव्हे.

हे सगळे कोणाला सांगू? मंडळीत लोक काय म्हणतील याची भीती वाटते.

सगळ्यांना सांगायचे नाही. एकाला सांगा. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. त्यासाठी व्यासपीठावर उभे राहावे लागत नाही. माणूस निवडताना एवढे पाहा: तो दुसऱ्यांच्या गोष्टी तुम्हाला सांगत नाही ना, स्वतःच्या चुका कबूल करतो का, आणि ऐकताना मध्येच उपदेश सुरू करत नाही ना. पाळक असे असतील तर उत्तम, नसतील तर एखादी वयस्कर बहीण किंवा भाऊ. जीव द्यावा असे विचार येत असतील तर मात्र थांबू नका; आजच, आत्ताच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा, सोबत कोणाला घेऊनच.

काय बोलावे सुचत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा. पहिल्या भेटीत सगळे सांगून होत नाही, म्हणून उठण्याआधी पुढच्या भेटीचा दिवस ठरवून घ्या.